वेठीला आलेल्या बायका

“ह्या वेठीला आलेल्या बायका, साहेब.”

हे खोत म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं. खोत दुसरं काय म्हणणार? पण हे मास्तर म्हणाला. आमचा मास्तर. आमच्या वाडीत जन्मलेला, माझ्या चुलीपाशी बसून जेवलेला, कुणब्याचा पोर. खोताच्या ओटीवर साहेबाच्या खुर्चीशेजारी उभा राहून तो हे म्हणाला, आणि म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेब सहकार खात्याचा. रत्नागिरीहून आमच्या गावची पतपेढी बघायला आला होता. त्यानं खळ्याच्या कोपऱ्यात आम्हाला भात कांडताना बघितलं आणि सहज विचारलं, “या बायका पेढीच्या सभासद आहेत का?” त्यावर मास्तरचं हे उत्तर.

आम्ही सभासद होतो. आमच्यामुळेच ती पेढी होती. मास्तरला हे माहीत नव्हतं असं नाही. ती उभी करायला आमच्या दारोदार तोच फिरला होता.

आमची वाडी संगमेश्वरापासून आत, डोंगराच्या कुशीत. बापये मुंबईला गिरणीत. माझा नवराही तिकडंच. गावात राहायच्या बायका, म्हातारी माणसं आणि खोत. जमीन खोताची, कसणार आम्ही. पिकाचा वाटा खोताला, आणि वर वेठ. पेरणीच्या वेळी आमचा नांगर आधी खोताच्या शेतात चालायचा. त्याच्या घरी कार्य निघालं की बायकांनी जाऊन कांडायचं, सारवायचं, पाणी भरायचं. मजुरी विचारायची नाही. माझ्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. सकाळ झाली की ऊन पडतं, तसं ते आम्हाला वाटायचं.

रानात रातांबे मात्र भरपूर. उन्हाळ्यात झाडं लाल होतात. पूर्वी आम्ही ते टोपल्या भरून बाजारात न्यायचो आणि वाण्याच्या दारात ओतायचो. तो हातावर चिमूटभर मीठ, मूठभर सुकी मासळी ठेवायचा. त्याच रातांब्यांची आमसुलं करून तो मुंबईला पाठवायचा आणि गबर व्हायचा. आम्हाला आमसुलं करता येत नव्हती असं थोडंच आहे? रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात. जन्मभर तेच केलेलं. पण पोतं पोतं मीठ आणायला, रांजण घ्यायला, वाळवायला तट्टे घ्यायला हातात काही नको का?

हे मास्तरनं ओळखलं. वाडीतला शिकलेला पहिला पोर तो. त्याची आई लवकर गेली. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, आणि दुपारी पुस्तकं बगलेत मारून माझ्या दारात उभा राहायचा. “वयनी, भूक लागली,” म्हणायचा. रक्ताचं नातं नव्हतं, पण दीर म्हणूनच वागवला. फायनल पास झाला, शाळेत लागला, तेव्हा अख्खी वाडी हरखली. आपलं कोणीतरी खुर्चीवर बसलं.

तो म्हणाला, “रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढा. आठवड्यानं एका जागी ओता. विकून आलेलं पेढीत ठेवू. पेढी सरकारी कायद्याची. मग तुमालाच तिच्यातनं कर्ज मिळंल.” आम्ही काढली मूठ. पेज पातळ झाली, पोरं कुरकुरली, पण मूठ काढली. पेढी झाली. पहिलं छोटं कर्ज आम्हाला मिळालं. मीठ, रांजण, तट्टे आले. त्या उन्हाळ्यात आमसुलं आम्ही केली आणि माझ्या नवऱ्यानं परळच्या खाणावळींत नेऊन विकली. कर्ज फिटलं. वर उरलं. भागीरथीआजीनं, वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनानं लुगडं घेतलं. कुणाला विचारलं नाही. ते नेसून ती उगाचच वाडीभर फिरली, आणि आम्ही तिची चेष्टा करून करून दमलो.

मग मास्तर एक दिवस म्हणाला, “पेढीला वजनदार अध्यक्ष लागतो. खोतास्नी करूया.”

मला ते रुचलं नाही. पण मास्तर म्हणाला म्हणून हो म्हटलं, आणि खोत अध्यक्ष झाला. तो आमच्याहून शहाणा, असं मी धरून चालले होते.

तर त्या दिवशी साहेब येणार होता. आम्ही मोठं कर्ज मागितलं होतं. आमसुलांसाठी एक छपरी आणि बियांचं तेल काढायला घाणा. ते कर्ज द्यायचं की नाही, हे साहेब त्या सभेत ठरवणार होता. रातांबे पिकायला लागले होते. कर्ज मिळालं असतं तर वाण्याची पायरी कायमची सुटली असती. मी पाटीत आमची उत्तम आमसुलं घेतली, वर केळीचं पान घातलं. बायका धुतलेली लुगडी नेसून निघाल्या. सभा खोताच्या ओटीवर.

आणि काय झालं बघा. आमचं आम्हालाच कळलं नाही. खोताच्या घराशी आलो आणि पाय आपसूक मागल्या दाराकडे वळले. समोरून जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मागल्या दारी खोतीणकाकू उभी होती.

“आलात? बरं झालं. साहेबाचं जेवण आहे. तेवढं भात कांडून घ्या गे.”

आणि आम्ही घेतलं. पाटी भिंतीशी ठेवली, मुसळ उचललं आणि ओटीपुढच्या खळ्यात जाऊन कांडायला लागलो. सभेला आलेल्या बायका आम्ही. आमच्या पेढीची सभा. आणि आमचे हात मुसळावर. इतकी वर्षं वेठ केल्यावर हातांना विचार करावा लागत नाही.

थोड्या वेळानं काकूनं सुपात काळ्या भाजलेल्या बिया आणल्या. “ही कॉफी. बारीक कुटून दे. साहेबाला हीच लागते.” मी कुटायला घेतल्या. वास असा खमंग, की मी दोन क्षण थांबले. ओटीवरून साहेबाचं बोलणं ऐकू येत होतं. चांगला बोलत होता. सांगत होता, “दक्षिणेत कुर्गाच्या डोंगरात लहान लहान शेतकरी कॉफी पिकवतात. एकेकट्याला व्यापारी लुबाडायचे. मग ते एकत्र आले. आपली शिल्लक एका जागी ठेवली, थोडं थोडं कर्ज घेतलं. आता आपला माल स्वतःच विकतात. तुमच्याकडेही असं व्हायला हवं.”

माझा हात थांबला. अहो, झालंय की आमच्याकडे! हेच झालंय! मी मान वर करून ओटीकडे बघितलं. आता मास्तर उठेल. म्हणेल, साहेब, लांब कशाला जाता, ती बघा ती माणसं. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला मास्तरचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात साहेबाची नजर आमच्याकडे वळली आणि त्यानं तो प्रश्न विचारला.

मास्तरनं आधी खोताकडे बघितलं. खोत सुपारी कातरत होता. त्यानं मान वरसुद्धा केली नाही. मग मास्तर बोलला. वेठीला आलेल्या बायका.

माझ्या कानशिलात कुणीतरी भडकावली असती तर बरं झालं असतं.

खोत म्हणाला, “आमसुलांचा उद्योग आमच्या मंडळींनी सुरू केलाय, साहेब. चार गरीब बायकांना काम मिळतं. कर्ज त्यांच्या नावे मंजूर करावं.” मंडळी म्हणजे खोतीणकाकू. तिनं जन्मात रातांबा फोडलेला नव्हता.

मी मुसळ भिंतीला लावलं. पाटी उचलली. खळं ओलांडून ओटीपाशी गेले आणि पायरी चढले. कुळाच्या बाईनं ती पायरी कधी चढलेली नव्हती.

खोत ओरडला, “खाली हो! काय समजलीस काय स्वतःला?”

मी साहेबाला म्हटलं, “सायब, आमी वेठीला नाय आलाव. आमी पेढीचं सभासद. ही आमसुलं आमच्या हातची. खोतीणकाकूंची न्हवं. मास्तरास्नी इचारा.”

साहेबानं मास्तरकडे बघितलं. अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता. ‘होय’ एवढा.

मास्तर हसला. तसलं हसणं मी त्याच्या तोंडावर पूर्वी बघितलेलं नव्हतं. म्हणाला, “हिचा नवरा मुंबईस असतो, साहेब. एकटी असते. मनात येईल ते बोलते बिचारी.”

साहेब बरं म्हणाला. त्यानं कॉफीचा पेला उचलला.

मला वेडी ठरवली. माझ्या हातचं खाऊन वाढलेल्या पोरानं मला चारचौघांत वेडी ठरवली. मी ओरडले नाही, रडले नाही. डोकं एकदम थंड झालं. मला दिसलं की खोतापेक्षा हा वाईट. खोत आम्हाला ओळखतच नव्हता. हा ओळखून नाकारत होता.

मी पायरी उतरले आणि बायकांना म्हटलं, “चला गो.”

कुणी हलेना. कांडण अर्धं पडलेलं. काकू दारात. मग भागीरथीआजीनं मुसळ टाकलं. नुसतं टाकलं. ते दगडावर आपटलं तसा आवाज झाला, आणि एकेक करत सगळ्या उठल्या. “आगो, साहेब जेवायचाय! भात कोण कांडणार?” काकू ओरडत राहिली. आम्ही समोरच्या वाटेनं बाहेर पडलो. ओटीसमोरून, साहेबाच्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी मास्तर माझ्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“वयनी, समजून घे. बापाची जमीन खोताकडं हाय. मी होय म्हटलं असतं तर पेढीच बंद केली असती त्यांनी.”

“बंद झाली असती तर आमची म्हणून बंद झाली असती,” मी म्हटलं.

“कर्ज मंजूर झालंय. तुमालाच काम मिळंल. खोतांच्या खळ्यात बसून करायचं. मजुरी देतील.”

“आमच्या धंद्यात आमाला मजुरी?”

त्यावर तो म्हणाला, “तुला येवढा राग कशाचा आला?”

हा प्रश्न त्यानं खरोखर विचारला. त्याला कळलंच नव्हतं. मी दार लावून घेतलं. आत जाऊन मग रडले. हमसून हमसून रडले. मूल मेलं तेव्हा रडले होते, त्यानंतर त्या दिवशीच.

पुढं गोड काही झालं नाही. पेढीतली आमची ठेव आम्ही मागितली, ती अजून मिळालेली नाही. रांजण आणि तट्टे पेढीचे म्हणून खोताची माणसं उचलून घेऊन गेली. माझ्याकडची नाचणीची वरकस जमीन खोतानं काढून दुसऱ्याला दिली. नवरा गणपतीला आला, सगळं ऐकून म्हणाला, “पायरी चढून काय मिळवलंस?” त्याला पटलं नाही, आणि अजूनही पटलेलं नाही.

पण त्या दिवसापासून आमच्या वाडीतली एकही बाई वेठीला गेली नाही. बोलावणं आलं, धमकी आली, नाही गेली. त्या उन्हाळ्यात आमसुलं आम्ही घरच्या मडक्यांत केली, जुन्या लुगड्यांवर वाळवली. थोडीच झाली. पण आमची. आणि आता शिल्लक आम्हीच ठेवतो, आम्हीच एकमेकींना देतो. माझ्या अंगणात गोल करून बसतो. अध्यक्ष नाही. जिला गरज ती उभी राहून मागते, का मागते ते सगळ्यांसमोर सांगते. मास्तरची बायकोही येऊन बसते. तिला घेतलं. मास्तरला नाही. तो एकदा कुंपणाशी येऊन म्हणाला, “सरकारदरबारी अर्ज करायचा तर मी लिहून देतो, तुमच्या वतीनं बोलतो.” मी त्याला तिथूनच परत पाठवला.

लोक म्हणतात, पोर तरुण होता, घाबरला, माफ कर. मी माफ करणार नाही. घाबरलो आम्हीही होतो. तरी मी ती पायरी चढले.

आमच्या वतीनं आता कुणी बोलायचं नाही. खोतानं नाही, साहेबानं नाही, आमच्या पोटच्या पोरानंसुद्धा नाही. आम्हाला लिहिता येत नाही, ते शिकू. साहेबापुढं बोलताना जीभ अडखळते, तरी बोलू. आणि चुकलो तर आमच्याच तोंडानं चुकू.