कावेचा ठिपका

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत त्या आबांच्या तावडीतून खूण न लागता सुटलेली एकही वस्तू त्या काळी आमच्या बावडा गावाच्या आसपास सापडली नसती. आबा म्हणजे माझ्या आईचे मामा. आईवडील कामासाठी मुलूखभर फिरत, म्हणून शाळेपुरता मी आबांकडे आलो आणि पदवी मिळेपर्यंत तेच माझं घर राहिलं. तरुणपणी आबांकडे मेंढरांचा मोठा कळप होता. पुढे कालव्याचं पाणी आलं, माळरानावर ऊस उभा राहिला, चरायला रान उरलं नाही. आबांनी कळप मोडला आणि तेही ऊस लावू लागले. मेंढरांना खूण करायचा तांबड्या कावेचा डबा मात्र घरातच राहिला, आणि खूण करायची सवय त्यांच्या बोटात.

मग जे हाताशी येईल त्यावर ठिपका. बादली, खोरं, सायकल, छत्री, आजीची चहाची बरणी. इंदापूरला एका लग्नात त्यांनी मांडवाच्या दारातच आमच्या सगळ्यांच्या चपलांना ठिपके लावले. जेवणं झाल्यावर निम्मं वऱ्हाड चपला शोधत होतं आणि आम्ही निवांत निघालो होतो. ते पाहून नवरदेवाचा चुलता स्वतःचा बूट हातात घेऊन आबांपुढे उभा राहिला, तर आबांनी त्याला "नवरीकडचं का नवऱ्याकडचं?" एवढं विचारून मगच बोट टेकवलं. भिगवणला मासे घ्यायला गेले की निवडलेल्या माशाच्या शेपटीला ठिपका लावूनच ते तो कापायला देत. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, "आबा, मेलेला मासा काय पळून जातोय व्हय?"

"मासा न्हाय पळत, बाई. तुझा हात पळतोय."

ती एवढी हसली की पुढे आबा दिसले की स्वतःच मासा शेपटीकडून पुढे करायची.

पण आबांचा ठिपका म्हणजे नुसता रंग नव्हता. त्याला कायदा होता. उजव्या अंगाला लावला तर वस्तू घरची. डाव्या अंगाला लावला तर पाहुण्याची, म्हणजे दुसऱ्यानं राखायला दिलेली. कपाळावर लावला तर बाजारातून नवी आणलेली, जिचा गुण अजून कळायचाय. ते मला सांगत, "पाण्यावर चार कळप एका टायमाला आलं की समदी मेंढरं सारखीच दिसत्यात बघ. मेंढरू बें करतंय, पन कुनाचं बें करतंय ते कसं कळनार? म्हनून खूण रानात न्हाय करायची. घरातनं भाईर पडतानाच करायची."

मी कॉलेजला बारामतीला निघालो तेव्हा पत्र्याची ट्रंक दारात ठेवली होती. आबा डबा घेऊन आले आणि त्यांनी ठिपका लावला तो डाव्या बाजूला. आजी त्यांच्यावर तडकलीच. "अवो, इतकी वर्सं पोरगं हितं वाढलं, अन् डावीकडं?"

"लेकाचं आईबाप जित्तं हायेत. आपल्याकडं राखायला हाय त्यो," आबा म्हणाले. "अन् परक्याचं जास्त जपावं लागतंय. घरचं मेलं तर रडता येतंय. दुसऱ्याचं मेलं तर तोंड दाखवता येत न्हाय."

वसतिगृहात मुलं माझ्या ट्रंकेला कुंकू लावलेली देवी म्हणत आणि परीक्षेला जाताना तिच्या पाया पडत.

शिक्षण संपल्यावर आमच्याच भागातल्या एका साखर कारखान्यात, संगणक विभागात मला नोकरी लागली. ती हंगामापुरती होती. काम जमलं तर कायम, नाहीतर घर. उसाची गाडी फाटकातून आली की तिची नोंद, मग काट्यावर भरल्या गाडीचं वजन, ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि शेवटी पावती, हे सगळं नवा प्रोग्रॅम करी. पण अधूनमधून एखाद्या गाडीची पावतीच निघेना. गाड्या अडकून पडत. एक गाडीवान तर खिडकीतून ओरडला, "सायेब, बैलं म्हातारी व्हायला लागली की हितंच!"

आमचे साहेब मला म्हणाले, "शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर यंत्रावर कापड टाकू, पावत्या हातानं लिहू आणि तुम्हीही मोकळे."

प्रोग्रॅम आपण काय काय केलं ते एका फाईलमध्ये ओळीओळीनं लिहून ठेवी. तिला लॉग म्हणतात. मी तो कागदावर छापून वाचायला बसलो. "वजन मिळाले." "वजन सापडत नाही." "पुन्हा पाहिले." "वजन सापडत नाही." पानंच्या पानं तेच. सगळ्या काट्यांवरच्या सगळ्या गाड्यांच्या ओळी त्यात मिसळल्या होत्या. कुणाचं वजन? कुठल्या काट्यावर? काही पत्ता नाही. दोन दिवस मी ते वाचत होतो आणि तिसऱ्या दिवशी आबांचं बें आठवलं.

मग मी एवढंच केलं. गाडी फाटकातून आत येताच तिला एक नंबर द्यायचा, आणि ती बाहेर पडेपर्यंत प्रोग्रॅम तिच्याबद्दल जी जी ओळ लिहील तिच्या सुरुवातीला तो नंबर, काट्याचं नाव आणि काय काम चाललंय ते टाकायचं. दुसऱ्या दिवशी एक गाडी अडकली. मी फक्त तिच्या नंबरच्या ओळी काढल्या. पानभरसुद्धा नव्हत्या. भरलेलं वजन एक नंबरच्या काट्यावर, रिकामं दोन नंबरच्या. काटेवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "व्हय, एकवर रांग लागली की रिकाम्या गाड्या दोनवर लावतो. काटा काटाच असतोय न्हवं?"

खरंच होतं त्यांचं. प्रोग्रॅम मात्र गाडी ज्या काट्यावर येईल तिथूनच परत जाईल असं धरून बसला होता आणि दोन नंबरवर तिचं भरलेलं वजन शोधत होता. तेवढं बदललं आणि पावत्या निघू लागल्या. साहेबांनी विचारलं, "ओळींवर नंबर टाकायचं कुठे शिकलात?" मी म्हणालो, "मेंढरांत." त्यांना ती चेष्टा वाटली. पण कायम केल्याचा कागद त्यांनी दिला.

आबांची नजर अलीकडे अधू झाली आहे. ते आता चाचपून ठिपका लावतात, त्यामुळे कधी कधी घरातलं मांजरही लाल असतं. कागद मिळाला त्याच दिवशी मी त्यांना हे पत्र लिहिलं.

"तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आजीकडून वाचून घ्या. वर कोपऱ्यात काव लावली आहे. दिसली नाही तरी बोटाला लागेल, म्हणजे कुणाचं पत्र ते कळेल.

मला नोकरीत कायम केलं. तुमच्या ठिपक्यानं काम झालं, कसं ते आल्यावर सांगेन. जेवण वेळेवर होतं. आईअण्णांनाही कळवलं आहे. अण्णा म्हणाले, पोरगं आता आमच्यापेक्षा आबांचंच जास्त.

ट्रंकेवरचा ठिपका पुसट झाला आहे. दिवाळीला येताना ट्रंक घेऊन येतो. काव भिजवून ठेवा.

या खेपेला उजवीकडं लावा."