वनीले जागा भेटेपर्यंत

आध्यात्मिक अनुभव म्हटलं का पुढं काय येणार, ते तुमाले आधीच समजून जाते. सपनात पांढऱ्या दाढीचे महाराज येतीन, कपाळाले अंगारा लावतीन, सकाळी डॉक्टर तोंडात बोट घालीन अन् आजारी माणूस खाटेवरून उतरून पोहे खाईन. त्या महाराजाचा आवाज मी काढून दाखवतो, पाहिजे तर. डॉक्टरचा बी काढतो, पोहे खायाचा बी काढतो. पण माह्या गोष्टीत यातलं काईच नाई. महाराज आले नाई. पोहे कोणी खाल्ले नाई. एक लुगडं आहे, पण ते देवीचं नाई. तरी बी त्या दिवसापासून मी देवाले हात जोडतो ते मस्करीत जोडत नाई, एवढंच सांगाचं आहे.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाच्या काठाले. मी नकला करतो. शाळेचे मास्तर, सरपंच, यष्टीचा कंडक्टर, बकरी, बुलेट गाडी, काई बी सांगा. आमच्या इकडं धान निघालं का दंडार होते, म्हणजे गावातल्याच पोट्ट्याइचा नाचगाण्याचा खेळ. त्यात बायाइचे पार्ट माणसंच करतेत. सासूचा पार्ट माह्याकडं. डोक्यावर पदर घेऊन मी उभा राह्यलो का म्हाताऱ्या बायाइले बी वाटते, ही कोणाची सून होय? रोज दिवेलागणीले देवळापुढं सामुदायिक प्रार्थना होते, सारं गाव रांगेनं मांडी घालून बसते. प्रार्थना सांगणाऱ्या भाऊजीइची नक्कल मी मांगच्या रांगेत बसून करो. बाजूच्या रांगेतून एकच पोट्टी तोंडात पदर कोंबून हासे. ते माही लहान बहीण, वनी. अकरावीत होती. माही पह्यली प्रेक्षक तेच. ते हासली का मंग मी गावाले दाखवो.

होळीनंतर वनी हासाची बंद झाली. मंग जेवाची. मंग कॉलेजात जायाची. भिंतीकडं पाहून बसे. आई म्हणे नजर लागली, बाबा म्हणे मोबाईल. पावसाळा लागला अन् एक दिवस वनीनं जीव द्याचा प्रयत्न केला. कसा, ते मी लिहीत नाई. आईनं येळेवर पाह्यलं, एवढंच लिहितो.

जिल्ह्याच्या दवाखान्यात जीव वाचला. मनाच्या डॉक्टरबाईनं तपासलं, बाबाइले बाजूले बोलावून सांगतलं. म्हणाल्या, "पोरीले काई दिवस अशा जागी ठेवा लागन, जिथी तिच्या वयाची लेकरं ठेवतेत, रोज कोणी बोलते, लक्ष देते. तशी जागा आपल्या इथी नाई." दूरच्या शहरात होती, तिथी खाट रिकामी नोती. दुसऱ्या एका जागी मोठ्या माणसाइलेच घेत होते, अन् वनीचं वय कमी. इथल्या लहान पोराइच्या वॉर्डात तिचं वय जास्त. म्हणून मंग जागा भेटेपर्यंत बायाइच्या वॉर्डात. एका बाजूनं तापाच्या बाया, दुसऱ्या बाजूनं साप चावलेल्या. मधात वनी. तिले ना ताप, ना जखम. लोक विचारत, "पोरीले काय झालं वं बाई?" आई सांगे, "कमजोरी आहे." वनीच्या बाजूची खिडकी पट्टीच्या कपड्यानं बांधून टाकली होती. कोणी काऊन म्हणून विचारलं नाई, सगळ्याइले समजत होतं.

रोज सकाळी बाबा चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन विचारे, "जागा झाली का?" रोज तेच उत्तर, "फोन केला आहे, वाट पाहा." वाट पाह्याले इतकी जड असते, हे मले तेव्हा समजलं. आजारी माणसाले निदान औषधाची बाटली लटकलेली दिसते, थेंब थेंब काईतरी आत जाऊन राह्यलं असं वाटते. आमच्याकडं नुसती वाट. मी वनीले सारे आवाज करून दाखवले. भेटाच्या येळेत वॉर्डातल्या बाया हासून हासून खोकलत. वनी मायाकडं पाहे, पण दूरच्या रस्त्यानं कोणी अनोळखी माणूस चालला त्याच्याकडं पाहावं तसं. मी देवावर लय चिडलो होतो. इतके वर्ष सारं गाव तुयापुढं मांडी घालून बसते, अन् तू एक खाट रिकामी करू शकत नाई?

तेवढ्यात रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस आले. परे, म्हणजे धानाची रोपं, तयार होऊन जास्त दिवस राह्यले तर धान फुटत नाई, अन् आमच्याकडं रोवणा पाळीपाळीनं होते. आज सगळ्या बाया तुया बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उद्या माह्या. आई पाळी चुकवती तर आमच्या बांधीत कोणीच उतरत नोतं. म्हणून ठरलं का आई-बाबाइनं गावी जायाचं अन् चिमूरची मावशी वनीजवळ राह्याले येईन. जाताना बाबा म्हणाले, "रोवणा झाला का पोरीले घरी घेऊन जाऊ. किती दिवस असं बसाचं? घरचं खाईन, सुदरन." आईचं एक लुगडं दवाखान्याच्या जिन्याच्या कठड्यावर वाळत होतं, ते तसंच ठेवून गेली.

मावशी आली नाई. नाल्याले पूर आला, पुलावरून पाणी, यष्टी अर्ध्यातून वापस. मावशीचा फोन आला तेव्हा दिवस बुडाले आला होता. दिवस बुडाल्यावर बायाइच्या वॉर्डात माणसाले राह्याले मनाई. अन् वनीजवळ चोवीस तास बाईमाणूस पाहिजे, एक मिनिट एकटं सोडाचं नाई, हे डॉक्टरबाईनं बजावून सांगतलं होतं. मले वाटलं, कोणी नाई असं सांगतलं तर हे सुट्टी देऊन टाकतीन, अन् सुट्टी झाली का जागेसाठी लावलेला नंबर बी जाईन. विचारलं कोणालेच नाई. मनातच ठरवलं.

जिन्याखाली उभा राहून मी हात जोडले. गावात प्रार्थनेची तीच येळ होती. सुरुवात केली तर तोंडातून भाऊजीइचाच आवाज निघाला, तसाच नाकातला. लाज वाटली. दुसऱ्यांदा सुरू केलं, तरी तसाच. सतरा जणाइचे आवाज येतेत मले, पण देवाले हाक माराले आपला आवाज कोणता, तेच सापडेना. शेवटी म्हटलं, "बाईमाणूस पाठव. कोणी बी पाठव." तेवढ्यात वारा सुटला अन् कठड्यावरचं आईचं लुगडं सुटून माह्या आंगावर येऊन पडलं.

तुमीच सांगा, दंडारीत सासूचा पार्ट करणाऱ्या माणसानं यातून काय समजावं? मी समजलो, देवानं इशारा देला. पार्ट मले देला.

संडासात जाऊन नेसलो. डोक्यावर पदर ओढला. दरवाज्यावरचा चौकीदार म्हणाला, "काऊन बाई, गावाले गेली नाई?" मी आईच्या आवाजात म्हणालो, "पोरीले सोडून कुठी जाऊ भाऊ?" त्यानं बाजू देली. खोटं नाई सांगत, मले अभिमान वाटला. वनीच्या खाटेपाशी टेकलो. पलीकडच्या खाटेवर तापानं पडलेली एक सून होती अन् तिची सासू खाली चटईवर बसून राहे. एटापल्लीकडची बुढीमाय, मराठी थोडंसंच येई. आमी तिच्याशी कधी बोललो नोतो. तिनं मायाकडं पाह्यलं, तोंडावर हात ठेवून हासली अन् मान फिरवली. ओळखलं होतं तिनं.

वनी गोळीच्या गुंगीत होती. कूस बदलून तिनं डोळे अर्धे उघडले. लुगडं दिसलं. हातानं काठ धरला अन् बोलली. इतक्या दिवसाइत पह्यल्यांदा.

"आई, आलीस?"

मी आईच्या आवाजात म्हणालो, "आली."

"आई, मले घरी नोको नेऊ. बाबाइले सांग. घरी मले माहंच भेव वाटते वं. तू बांधीत गेली का मी एकटी राह्यते. जागा भेटेपर्यंत मले इथीच राहू दे."

इतके वर्ष मी लोकाइचे आवाज काढले, कधी आवाज अडकला नाई. तेव्हा अडकला. आईनं काय म्हटलं असतं, तेच समजेना. हुंदका आला तो माह्याच आवाजात आला.

वनीचे डोळे पूर्ण उघडले. "दादा?" म्हणाली. लुगड्याकडं पाह्यलं, माह्या तोंडाकडं पाह्यलं. काठ सोडला अन् भिंतीकडं तोंड केलं. तिची पाठ हालत होती. मी "वनी, वनी" करत राह्यलो. आता हे पुन्हा कधीच बोलणार नाई, असं वाटलं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. बुढीमाय. तिनं मले बकरीच्या पिल्लावानी बाजूले सारलं. "तू जाय," म्हणाली. "मी हाय." एवढंच. मंग खाटेवर चढून बसली, वनीचं डोकस्कं आपल्या मांडीवर घेतलं अन् तिच्या बोलीत काईतरी पुटपुटू लागली. वनीनं डोकस्कं उचललं नाई. बुढीमायची सून आपल्या खाटेवरून पाहून राह्यली होती, तिनं मले हातानं इशारा केला, जा म्हणून.

मी बाहेर येऊन लुगडं सोडलं अन् बसलो. आता कराले काईच नोतं. पार्ट नाई, आवाज नाई, डोकं बी नाई. हात जोडले, तर या येळेस तोंडातून काईच निघालं नाई. तसाच बसलो. मी तिथी जिन्याखाली बाईमाणूस मागत होतो, तेव्हा ते बाईमाणूस वनीपासून हातभर दूर चटईवर बसूनच होतं. देवानं पाठवलं का ते आधीच तिथी होती, हे मले ठरवता येत नाई, अन् ठरवाचं बी नाई. मले एवढंच समजलं का मागत बी मीच होतो अन् देत बी मीच होतो. मधात कोणाले येऊ द्याले जागाच ठेवली नोती.

सकाळी वनीनं बुढीमायच्या हातून चहा घेतला. नाला उतरून मावशी येईपर्यंत बुढीमायनं तिले सोडलं नाई. सुनेच्या तापाच्या पट्ट्या बदले, मंग वनीच्या केसात तेल घाले. मले तिचं नाव माहीत नाई. एक दिवस मी आंघोळीले गेलो अन् आलो तर सुनेले सुट्टी झाली होती, चटई गेली होती.

बाबा आले तेव्हा मी सांगतलं, "तिले घरी नाई न्यायाचं." कोणाच्याच आवाजात नाई सांगतलं. वनी काय बोलली, ते बी सांगतलं. बाबा बराच येळ मायाकडं पाहात राह्यले, मी हासतो का म्हणून. मंग खाली बसले अन् गमछानं तोंड झाकलं. डॉक्टरबाईले बी सांगतलं. त्याईनं माह्यासमोरच पुन्हा फोन लावला. तरी बी जागा लगेच झाली नाई. लय वाट पाहा लागली. पण आमी वाट पाह्यली, उठून गेलो नाई. वनीशेजारच्या खाटेवर नवीन बाया येत, बऱ्या होऊन घरी जात, अन् वनी तिथीच. मंग एक दिवस तिचं नाव आलं.

आता राह्यल्या शिव्या. पह्यल्या शिव्या त्या रातीनंतर वॉर्डाच्या सिस्टरबाईनं देल्या. "इथी बाया कशाबी अवस्थेत पडल्या राह्यतेत, अन् तू पदर घेऊन शिरतोस? त्याईले विचारलास? मले विचारला असतास तर मी कोणाले तरी बसवलं असतं नं, बैताडा!" बरोबर होतं. मी वॉर्डातल्या सगळ्या बायाइची हात जोडून माफी मागितली.

पण खऱ्या शिव्या नंतर पडल्या. दूरच्या शहरात वनीले भेटाले गेलो. ते बारीक झाली होती, बोलणं हळू. बाकड्यावर बसलो अन् तिनं सुरू केलं.

"मी आईसंग बोलली होती. तुयासंग नाई. ते तू ऐकलास. अन् सगळ्याइले सांगून आलास."

मी खाली मान घातली.

"तुले सगळी मस्करीच वाटते. लुगडं नेसलं का आई होते का रे? मले किती वाईट वाटलं, ठाऊक आहे? मी कितीक दिवस आईचं लुगडं पाहून बी दचको."

ते बोलत होती अन् मी मनात देवाचे पाय धरत होतो. होळीपासून तिनं मले असं रागावलं नोतं. थांबली, दम घेतला, पुन्हा सुरू झाली.

"आता चूप काऊन? विचार नं काई."

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बरी नाई आहो," वनी म्हणाली. "डॉक्टर म्हणते येळ लागन. अन् तू रडू नोको, लोक पाह्यतेत. इतका मोठा झाला, अक्कल नाई. नाक पूस आधी."