तिसरं वाचन

वॉर्डात तिला सगळे तीनदाबाई म्हणत. औषधाचं नाव ती मोठ्यानं तीनदा वाचायची: ट्रेमधून उचलताना, सिरिंजमध्ये भरताना आणि अँप्यूलची रिकामी काचकुपी टाकताना. "भिंतींनासुद्धा पाठ झालं, तुमचं कधी होणार?" तिच्या जोडीची ताडमाड नर्स चिडवायची. वीस वर्षं ती हे हसण्यावारी नेत आली.

त्या दुपारी सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मास्तरांचं इंजेक्शन होतं. बाटलीतली पूड पाण्यात विरघळवायची, एवढंच काम. पाण्याची अँप्यूल घ्यायला तिनं ट्रेत हात घातला तोच घरून सासूबाईंचा फोन. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"फ्रिजवर बघा."

"तिथे नाही."

"मग डोळ्यांवर बघा."

हे बोलता बोलताच सिरिंज भरून झाली. पहिली दोन वाचनं फोनमध्ये गेली. रिकामी अँप्यूल टाकताना मात्र सवयीनं ती मोठ्यानं वाचून गेली. पोटॅशियम! शेजारच्याच खणातलं, दिसायला हुबेहूब पाण्यासारखं. तसंच शिरेत गेलं असतं तर मास्तर जागच्या जागी गेले असते.

ती सिरिंज टाकून तिनं सगळं नव्यानं केलं.

"आज चारदा वाचलंत, सिस्टर," मास्तर म्हणाले.

"मागचं एक राहिलं होतं, मास्तर."

कुणी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी इन्चार्जच्या जागेची मुलाखत होती, आधी दोनदा हुकलेली. तरी ड्यूटी संपल्यावर तिनं चूक कळवायचा फॉर्म पुढ्यात ओढला.

"वेड लागलंय का?" ताडमाड कुजबुजली. "काही झालं नाही ना? देवाचे आभार मानायचे आणि गप्प बसायचं. गेल्या वर्षी त्या पोरीनं लिहिलं, तर मेट्रनबाईंनी सोलून काढली तिला."

"देवानं वाचवलं म्हणून तर लिहायचं. दर वेळी त्यालाच कामाला लावायचं का?"

मेट्रनबाईंनी फॉर्म वाचला. "तुम्ही? शुक्रवार लक्षात आहे ना?"

"आहे."

मेट्रनबाई उठून थेट वॉर्डातल्या औषधांच्या कपाटापाशी आल्या. पाण्याची आणि पोटॅशियमची, दोन्ही अँप्यूल तळहातावर घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिल्या. मागून ताडमाडचा आवाज आला, "माझ्याही हातात एकदा हीच आली होती. मी... गुपचूप टाकून दिली."

कधी नव्हे ते मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. संध्याकाळच्या आत पोटॅशियम कुलपाच्या वेगळ्या कपाटात गेलं.

इन्चार्जची जागा दुसरीला मिळाली. मुलाखतीत त्या फॉर्मवरच चार प्रश्न झाले होते.

"खरं लिहून काय मिळालं गं तुला?" सासूबाई हळहळल्या.

"मास्तर काल आपल्या पायांनी घरी गेले." तिनं ताट वाढून त्यांच्यापुढे सरकवलं. "आणि हे बघा, ड्यूटीवर मी आता फोन घेणार नाही. त्या दिवशी घेतला, ती चूक माझीच."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "एक दोरी आणून दे," त्या म्हणाल्या. "गळ्यातच अडकवते."