साहेबांची सकाळची फेरी

पंपवाल्यांनी सगळी नोकरी रात्रपाळीत काढली. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात अंधार पडताना शिरायचं आणि लोक दात घासायला नळ सोडतात तेव्हा बाहेर पडायचं. रात्रपाळी कुणालाच नको असते, त्यामुळे एकदा अंगावर आली की कुणी ती आपल्याकडून परत मागत नाही. यांनी तर ती मागितलीही नव्हती. नवे होते, वरिष्ठांनी विचारलं, "चालेल ना?" हे म्हणाले, "चालेल." झालं! त्या एका शब्दावर उभी हयात गेली.

दिवस त्यांनी पाहिला तो झोपेच्या फटीतून. पडदा ओढलेली खोली, पलीकडे बायको भांडी आवरतेय, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय, आणि या सगळ्यावर कानात राहून गेलेली पंपांची घरघर. मुलगी कधी मोठी झाली हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. शेजाऱ्यांना वरच्या मजल्यावर एक बाई राहतात एवढंच माहीत होतं. बाईंना नवराही आहे असं कळल्यावर एका शेजारणीने चक्क अभिनंदन केलं होतं.

निवृत्तीनंतरही सवय कुठली जायला! रात्री टक्क जागे, दिवसा पेंगलेले. बाहेर जायचं तर जायचं कुणाकडे? खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत जायचा, तो बघत ते खुर्चीत बसून राहायचे. बायकोची शाळेतल्या ऑफिसातली नोकरी अजून चालू होती. ती सकाळी जाताना त्यांना ज्या खुर्चीत बघायची, संध्याकाळी आली की त्याच खुर्चीत बघायची.

मग ससा आला. मुलीने घर बदललं, नव्या घरात प्राणी चालत नव्हते, म्हणून तो आजोबांकडे. राखाडी रंगाचा, गुबगुबीत, एक कान उभा आणि एक पडलेला. नातीने त्याचं नाव ठेवलं होतं साहेब. कारण तिच्या मते तो काही काम करत नाही आणि सगळे त्याच्यापुढे पानं घेऊन उभे राहतात. साहेबांबरोबर अंगात घालायचा लाल पट्टा आणि त्याला लावायची दोरी आली. नातीने फोनवर कुठल्याशा मुलीचा ससा असा दोरीने फिरताना पाहिला होता, आणि ते तिने चांगलंच मनावर घेतलं होतं.

"आजोबा, याला रोज बागेत न्यायचं हं. प्रॉमिस?"

नातीपुढे कुणाचं काय चालतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाले साहेबांना टोपलीत घालून बागेत निघाले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने मान वर केली. बागेत त्यांनी साहेबांना हिरवळीवर सोडलं, दोरी मनगटाला गुंडाळली आणि उभे राहिले. साहेब पोट जमिनीला टेकवून, कान पाठीवर पाडून बसले ते बसलेच. जरा वेळाने एक लहान मूल थांबलं, मग त्याची आई, मग आणखी कुणी.

"किती शहाणा आहे हो! जागचा हलत नाही."

"ऊन खातोय. मजेत आहे स्वारी."

पंपवाल्यांनाही तसंच वाटलं. का वाटू नये? त्यांना स्वतःला तर इतकं बरं वाटत होतं की झोपेत आहोत की जागे, तेच कळेना. झाडाची सावली गवतावर हलत होती, कुणीतरी हसत होतं, आणि ते हसणं फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखं त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं. इतकं ऊन, आणि ते सगळं फुकट, रोजच्या रोज! आपण नसताना हे चालू होतं तर. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते उन्हावर ढकललं.

बघता बघता ते 'ससेवाले काका' झाले. बेकरीवाला हात करू लागला. मुलं लांबूनच ओरडत यायची. बाकावर रोज विणत बसणाऱ्या एक बाई सुया न थांबवता विचारायच्या, "काय म्हणतात साहेब?" आणि पंपवाले साहेबांच्या वतीने उत्तर द्यायचे. आयुष्यात बोलले नाहीत इतकं त्या दिवसांत बोलले. रात्री झोप लागायला लागली. बायको मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अगं, आमच्याकडे माणूस परत आलाय." त्यांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, पण मनात भाव खाल्लाच.

एका सकाळी कुंपणापलीकडे कुत्रं भुंकलं. साहेबांनी जागच्या जागी अशी उडी घेतली की हवेतच पीळ बसला, दोरी ताठ झाली आणि ते कुशीवर आपटले. पंपवाल्यांनी घाईने उचललं. साहेबांना उचललेलं खपायचं नाही, त्यामुळे टोपलीत जाणंयेणंही पाल्याच्या लालचीवर चालायचं, पट्ट्याचं बकलही पाठीवर होतं, आणि इतक्या दिवसांत यांचा तळहात त्यांच्या छातीखाली कधी गेलाच नव्हता. आज गेला.

आता तळहात म्हणाल तर पंपवाल्यांचा तो तळहात वेगळाच. पंपघरात दाबमापकाचे काटे बघायच्या आधी ते पंपाच्या अंगावर हात ठेवायचे. काटा फसवेल, पण थरथर फसवत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. साहेबांच्या छातीत ठोके नव्हतेच, सलग एक थरकाप होता. असा पंप हाताला लागला असता तर त्यांनी कुणाला न विचारता खटका खाली ओढला असता.

कुत्र्यामुळे असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण जीव काही थाऱ्यावर येईना.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठले. साहेब त्यांच्याआधी उठलेले. खुर्चीच्या पायांतून गिरक्या चालल्या होत्या, मधेच हवेत एक उडी, आडवे पाय, पुन्हा धूम. हा साहेब बागेतल्यांनी पाहिलाच नव्हता. दमून तो त्यांच्या पावलाशी येऊन लवंडला. पंपवाल्यांनी हलकेच हात सरकवला. आत बारीक, सरळ, नीट चाललेलं होतं सगळं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने खिळ्यावरचा लाल पट्टा काढला. बकल वाजलं मात्र, पोट जमिनीला टेकलं, कान पाठीवर पडले, आणि तळहाताखाली तोच थरकाप सुरू झाला. बागेत रोज असेच तर बसायचे साहेब, आणि लोक कौतुक करायचे.

ऊन खातोय म्हणे! बिचाऱ्याचा जीव रोज मुठीत होता आणि आपण शेजारी उभे राहून गप्पा छाटत होतो. स्वतःचीच एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

नातीला फोन करायला त्यांची छाती होईना. शेवटी केला, चाचरत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग घरातच पळू दे त्याला. कोथिंबीर खातो का?" एवढ्यावर तिच्यापुरता विषय संपला.

यांच्यापुरता संपला नाही. बागेत जाणं बंद झालं. पुन्हा ती खुर्ची, तो उन्हाचा चौकोन, कानात घरघर.

"अहो, पाय मोकळे करून या की," बायको शाळेला निघताना म्हणाली.

"ससा नाही न्यायचा आता."

"मग तुम्ही जा."

"लोक माझ्याशी बोलत नव्हते गं. सशाशी बोलत होते."

बायकोने चपला घातल्या, दार उघडलं आणि मागे न बघता म्हणाली, "मग पट्टा नक्की घातला कुणाला होता, ते एकदा ठरवा."

दार लागलं. पंपवाल्यांनी उठून पट्टा हातात घेतला. पाचच मिनिटं. टोपलीतून खाली ठेवायचाच नाही. नुसतं बाकापर्यंत. दोन माणसांनी विचारलं की लगेच घरी. थोडी भीती तर सगळ्यांनाच वाटते, होईल सवय. किती सरळ, किती समजूतदार वाटत होतं ते सगळं! बकल पुन्हा किणकिणलं. कपाटाखालून साहेबांचा पडलेला कान तेवढा दिसत होता, आणि तो थरथरत होता.

त्यांनी पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तसेच जिना उतरले, फार विचार केला तर पुन्हा बसू या भीतीने.

हातांचं काय करायचं तेच कळेना. खिशात घातले, मागे बांधले, पुन्हा सोडले. बेकरीवाला पाव मोजत होता, त्याने वर पाहिलं नाही. बागेच्या फाटकात ते मूल आणि त्याची आई अगदी अंगावरून गेली. मुलाने क्षणभर त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि पुढे पळालं. पंपवाल्यांना वाटलं, आपण बाहेर पडलोच नाही, घरी खुर्चीत आहोत आणि हे सगळं पडद्यामागून ऐकतोय. वळावं परत. पायांनी अर्धी गिरकी घेतलीही. पण पुढच्या गवतावर ऊन पडलं होतं, सावल्या हलत होत्या, आणि ते थांबले.

"साहेब कुठेत आज?" बाकावरच्या बाईंनी विचारलं.

"घरी. त्याला बाहेर नाही आवडत. मला कळलं नव्हतं."

सुया थांबल्या. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून नीट त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्हाला?"

हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारेल असं वाटलंही नव्हतं.

"मला आवडतं," ते म्हणाले. "मला फार आवडतं."

"मग बसा की," बाई म्हणाल्या, आणि जरा सरकल्या.