अर्धा स्वर खाली

आमच्या बँडचा नवा अल्बम या उन्हाळ्यात आला. आठ गाणी, बेचाळीस मिनिटं. सहा गाणी नवी, दोन जुनी पुन्हा वाजवलेली. गायक नवा. ऐकणारे म्हणतात की बँड दहा वर्षांनी तरुण झाला. त्यांचं बरोबर आहे. पण ते बरोबर का आहे हे सांगायचं तर मला आमच्या जुन्या गायकाबद्दल लिहावं लागतं आणि स्वतःबद्दलही. स्वतःबद्दलचं लिहायला मी दीड महिना टाळाटाळ केली.

जळगावात पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासतो. दर तासाला पाच तुकडे कापायचे, भिंतीची जाडी मोजायची, वहीत लिहायची. जाडी मिलिमीटरच्या दोन दशांशाने जरी कमी भरली तरी मी यंत्र थांबवतो. त्यावरून सुपरवायझरशी वाद झालेत, पण यंत्र थांबलंय. रविवारी मी बेस गिटार वाजवतो. आमचं संगीत हेवी मेटल. सासऱ्यांनी एकदा पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा माणूस एवढा कोणावर चिडलाय?"

तो माणूस म्हणजे आमचा जुना गायक. नरडाण्याजवळच्या खेड्यातला. आम्ही पॉलिटेक्निकला एका खोलीत राहायचो. पुढे त्याने ते शिक्षण सोडलं, बी.ए., बी.एड. केलं आणि धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागला. गाणं तो कुठे शिकला नव्हता. नाल्यापलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना पोटातून जसा आवाज काढतात, तसा तो काढायचा, फक्त तो सुरात असायचा. त्याला एकही वाद्य येत नव्हतं. पट्टी कुठली हे तो कधी विचारायचा नाही. आम्ही सुरू केलं की चार ठोक्यांत त्याला आपली जागा सापडायची.

सराव जळगावातच, मेहरूणला. आमच्या गिटारवाल्याचं घराणं रावेरकडचं, केळीवाल्यांचं. त्यांची केळी पिकवायची एक जुनी खोली मेहरूणला बंद पडून होती. भिंतीत थर्माकोल, जाड दार, आतला आवाज बाहेर जात नाही. पहिली दोन वर्षं तिथे पिकलेल्या केळ्यांचा वास यायचा, नंतर गेला. आम्ही तिघं, म्हणजे मी, गिटारवाला आणि ड्रमवाला, साडेनऊला पोचायचो. गायक धुळ्याहून एसटीने यायचा, त्याला साडेदहा व्हायचे. मधल्या तासात आम्ही तारा जुळवायचो. हा एक तास तेव्हा बिनमहत्त्वाचा वाटायचा.

आमच्या पहिल्या अल्बममध्ये उन्हाळ्यावरचं एक गाणं आहे. त्याच्या शेवटी एक किंकाळी येते, अकरा सेकंदांची. पहिल्या रेकॉर्डिंगला मी ती घड्याळावर मोजली होती. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी ती सातव्या सेकंदाला फाटली. पुढच्या रविवारी सहाव्या. तो खोकला, पाणी प्यायला, म्हणाला, "वर्गात पासष्ट पोरं आहेत भाऊ. आठवडाभर ओरडून येतो."

तो गेल्यावर मी गिटारवाल्याला म्हणालो, "सगळ्या तारा अर्धा स्वर खाली घेऊ. त्याला सोपं जाईल."

"सांगायचं त्याला?"

"नको. उगाच मनाला लावून घेईल."

ड्रमवाला म्हणाला, "मला काय, माझ्या ड्रमला अर्धा स्वर नाही." आणि हसला. एवढीच चर्चा झाली. दीड मिनिट असेल.

पुढच्या रविवारी साडेदहाच्या आत सगळं अर्धा स्वर उतरवून आम्ही तयार होतो. किंकाळी अकरा सेकंद टिकली. तो खूश झाला. "आज घसा काय खुलना शे भाऊ!" म्हणाला आणि बाहेरच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. आम्ही प्यायलो.

माझ्याकडे सरावाची वही होती. कोणतं गाणं, किती वेळा, वेग किती आणि तारा कुठे जुळवल्या, हे मी दर रविवारी लिहायचो. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. म्हणून आज मी नेमकं सांगू शकतो. पहिल्या अर्ध्या स्वरावर आम्ही चौदा महिने राहिलो. मग पूर्ण एक स्वर खाली गेलो, तिथे अकरा महिने. मग दीड स्वर. प्रत्येक वेळी कारण तेच, किंकाळी फाटायची. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, दोन आठवडे जरा बसला होता, आता खुलला.

तारा सैल झाल्या की खडखडतात, म्हणून आम्ही जाड तारा बसवल्या. ते एकदा त्याच्या लक्षात आलं. माझ्या गिटारकडे बघून तो म्हणाला, "एवढी जाड? काय बैल बांधता का हिच्यावर?"

मी म्हणालो, "आवाज जड पाहिजे म्हणून. आता सगळे असंच करतात."

हे खोटंही नव्हतं. मेटलमध्ये पुष्कळ बँड तारा खाली जुळवतात, त्याने वजन येतं. त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही संशय आला नाही, उलट आमचं वजन वाढलं असं कोणीतरी लिहिलंही. खोटं बोलताना इतकं चांगलं कारण हाताशी असावं, हे माझं दुर्दैव.

चार वर्षं भरत आली तेव्हा धुळ्यात एका कॉलेजच्या मैदानावर आमचा कार्यक्रम झाला. दुपारचे चार, समोर तीनशेच्या आसपास पोरं. दीड स्वर खाली असूनही तिसऱ्या गाण्यात त्याचा आवाज गेला. फाटला नाही, नुसता थांबला. तोंड उघडं, मान ताणलेली आणि काहीच नाही. समोरच्यांना वाटलं माइक बंद पडला. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, वायर बघा!" त्याने खरंच वायर बघितली.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून सांगितलं, स्वरयंत्राच्या दोन्ही पडद्यांवर गाठी आहेत, जुन्या आहेत. दोन-तीन वर्षं आधी आला असता तर नुसत्या विश्रांतीने आणि व्यायामाने उतरल्या असत्या, आता शस्त्रक्रिया. ती झाली. आवाज परत आला तो बोलण्यापुरता. आता तो वर्गात कमरेला छोटा स्पीकर बांधून आणि तोंडापुढे माइक लावून शिकवतो.

डॉक्टरांचं बोलणं त्यानेच मला फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "दोन-तीन वर्षं आधी कसा जाणार? तोवर काही झालंच नव्हतं. तुला तर माहीत आहे, अकरा सेकंद ओढत होतो. एका दिवसात गेला रे आवाज, एका दिवसात."

मी म्हणालो, "होतं असं."

मग तो स्वतःच म्हणाला, दुसरा गायक बघा. आम्ही बघितला. भुसावळचा सव्वीस वर्षांचा मुलगा, गाणं शिकलेला, घशाची काळजी घेणारा, गार पाणीसुद्धा पीत नाही. पहिल्या रविवारी त्याने आमच्याबरोबर उन्हाळ्याचं गाणं सुरू केलं आणि चौथ्या ओळीला थांबला.

"काका, हे खाली का वाजवता? अल्बमवर तर दीड स्वर वर आहे ना?"

ड्रमवाला काठ्यांकडे बघत बसला. जे आम्ही चार वर्षं झाकलं, ते त्याने पहिल्याच दिवशी, दार लावून घेतल्यावर पाच मिनिटांत ओळखलं. गिटारवाला म्हणाला, "मधे जरा सोयीसाठी घेतलं होतं." आणि तिथल्या तिथे सगळ्या तारा वर चढवल्या. माझी जुनी जाड तार तेवढा ताण सोसेना, तुटली. नवी बारीक घातली.

अल्बम त्याच मूळ पट्टीत झाला. उन्हाळ्याचं गाणं पुन्हा घ्यायची हौस गिटारवाल्याची, पण मी विरोध केला नाही. किंकाळी आता तेरा सेकंद आहे. अल्बमच्या ऑनलाइन पानावर खाली आम्ही लिहिलं, विशेष आभार, आणि जुन्या गायकाचं नाव.

बायकोने विचारलं, "त्यांना ऐकवलं का?"

"लिंक पाठवतो."

"लिंक काय पाठवता? चोवीस वर्षांचा मित्र आहे. जाऊन बसा समोर. आणि ते तारांचं सांगून टाका. त्यांना दुसरीकडून कळलं तर?"

"दुसरीकडून कोण सांगणार?"

"मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तेव्हाही ती सांगा म्हणाली होती.

शनिवारी त्याची शाळा सकाळची असते. मी दुपारी एकच्या सुमारास धुळ्यात त्याच्या घरी पोचलो. वहिनींनी पोहे केले. मी सांगायला गेलो होतो, पण आधी पोहे खाल्ले, मग पावसाचं बोललो, मग त्याच्या मुलीच्या बारावीचं. मग तो म्हणाला, "आता लाव. किती लाजतो?"

मी फोन स्पीकरला जोडला. पहिली तीन गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. "पोरगा चांगला आहे," म्हणाला. चौथं उन्हाळ्याचं. ते सुरू झालं तसा तो सरसावून बसला. ओठ हलवायला लागला. आवाज नाही, नुसता श्वास, पण गळ्याच्या शिरा पूर्वीसारख्याच ताणायला लागल्या. दोन ओळी झाल्यावर थांबला. पुन्हा धरायला गेला, पुन्हा थांबला.

"हे वर आहे रे," तो म्हणाला. "माझ्या जागेवर नाही. पोराने वर चढवलं का?"

हो म्हणण्याची सोय त्यानेच करून दिली होती. एक शब्द पुरला असता.

"नाही," मी म्हणालो. "हे मूळ जागेवर आहे. आपला पहिला अल्बम याच पट्टीत आहे. नंतर आपण खाली वाजवत होतो."

"किती खाली?"

"आधी अर्धा. मग एक. मग दीड."

"कधीपासून?"

"तुझी किंकाळी पहिल्यांदा फाटली तेव्हापासून. चार वर्षं."

गाणं चालूच होतं. किंकाळी आली, तेरा सेकंद झाली, गेली. पुढचं गाणं लागलं तेव्हा त्याने हात लांब करून स्पीकर बंद केला.

"माले काबरं सांगं नही?" तो माझ्याशी नेहमी शहरी मराठीत बोलतो. रागात किंवा फार आनंदात असला तरच घरची बोली येते.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"बठ्ठास्ले माहीत व्हतं?"

"तिघांना."

"तू लिहून ठेवलं असशील."

"हो."

"तारखा?"

"तारखांसकट."

तो हसला. त्या आवाजात हसणं म्हणजे नुसती हवा. "म्हणजे माझ्या घशाचा रिपोर्ट चार वर्षं तुझ्याकडे पडून होता. आणि मी डॉक्टरला सांगतोय, एका दिवसात गेला. तिकडे दोन दशांशाला यंत्र थांबवतो म्हणून मला पुन्हा पुन्हा सांगायचास. दीड स्वर म्हणजे किती दशांश रे?"

मी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या."

"बरं झालं सांगितलंस. नाहीतर मी त्या दोघांवर राग धरला असता." मग म्हणाला, "आता विचारतो ते खरं सांग. हा पोरगा माझ्यापेक्षा चांगला आहे?"

मी खरं सांगितलं. पहिल्या अल्बमपुरता तू चांगला होतास. नंतरच्या चार वर्षांतला तू आणि हा यांची तुलनाच नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता कशाला?" त्या मला नेहमी भाऊच म्हणतात, पण त्या दिवशी ते लागलं.

तो म्हणाला, "राहू दे. बोलू दे त्याला. पाच वर्षांनी खरं बोलतोय, अडवू नको." त्याने माझा फोन उचलला, अल्बमचं पान शोधलं, खालपर्यंत वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "हे विशेष आभार काढ. सोमवारच्या आत. मला तुमच्या आभारात राहायचं नाही."

"गाणी तुझीही आहेत."

"असतील. नाव काढ."

तो उठून आत गेला. मी पंधरा मिनिटं थांबलो. आतून त्याचा आवाज आला नाही, आणि आला असता तरी दाराबाहेर ऐकू आला नसता. वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो पिऊन मी निघालो.

बसमधून गिटारवाल्याला फोन केला. तो वैतागला. "आता कुठे बदलायचं? सगळीकडे गेलंय ते. लोक विचारतील, त्याचं नाव का गेलं."

"विचारू देत. बदल."

"कारण काय सांगू?"

"त्याची इच्छा आहे, एवढं सांग."

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी ते पान उघडलं. आभाराची ओळ गेली होती. आता तिथे चार नावं आहेत, नव्या गायकाचं सगळ्यांत वर. ज्याच्या घशासाठी आम्ही चार वर्षं तारा सैल केल्या, त्याचं नाव त्या अल्बमवर कुठेही नाही. चारही नावांचं शुद्धलेखन बरोबर आहे. मी दोनदा तपासलं.