मामांची टोपी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. लिंबायतमधील एका सभागृहात माझ्या धाकट्या भावाच्या नातीचा साखरपुडा होता. आलेल्या पुरुषमंडळींना टॉवेल-टोपी देण्याचे काम भावाने माझ्याकडे सोपवले.

"तू जनरल होतास, नंतर राजदूत. मानपान तुलाच कळणार," तो म्हणाला.

मानपान मला कळत होते, पण परदेशातले. सैन्यात मान हुद्द्याप्रमाणे मिळतो. निवृत्तीनंतर सरकारने मला राजदूत म्हणून पाठवले, तेथे नियम निराळा होता. जो राजदूत त्या देशात आधी रुजू झाला, तो ज्येष्ठ. मग त्याचा स्वतःचा देश केवढाही असो. या नियमात वादाला जागा राहत नाही. तोच मी लिंबायतला लागू केला. जो आधी आला, त्याला आधी टोपी.

सर्वांत आधी आला होता मुलाच्या वडिलांचा उधन्याचा शेजारी. त्याने टोपी आनंदाने घातली. मुलाचे मामा स्वतःची रिक्षा चालवत पलसाण्याहून आले, म्हणून उशिरा पोहोचले. आमच्या खानदेशी लोकांत पहिली टोपी मामांची. आयुष्य छावण्यांत आणि दूतावासांत गेल्यामुळे हे माझ्या स्मरणातून गेले होते. मामांनी शेजाऱ्याच्या डोक्याकडे पाहिले, पाठ फिरवली आणि ते रिक्षात जाऊन बसले. "माझा भाऊ आत आल्याशिवाय मुलीच्या ओटीत साखर पडणार नाही," असे मुलाच्या आईने जाहीर केले.

नात माझ्याजवळ आली. "मोठे आबा, मला हाच मुलगा हवाय. काहीतरी करा." डोळे कोरडे होते, आवाज तसा नव्हता.

मी जाऊन रिक्षात मागे बसलो.

"मीटर पडेल," मामा म्हणाले.

"पडू द्या."

त्यांनी मला उधन्यापर्यंत नेले आणि परत आणले. वाटेत त्यांनी घरातल्या प्रत्येक लग्नात झालेला आपला प्रत्येक अपमान सांगितला. मी मध्ये बोललो नाही. राजदूताचे निम्मे काम हेच असते. सभागृहापाशी उतरल्यावर मी म्हणालो, "चूक माझी आहे. मुलीची नाही."

"तोंडी माफी मले नको. जनरल ना तुम्ही? मग कडक सॅल्यूट मारा. सगळ्यांसमोर."

"ते जमणार नाही."

"का? रिक्षावाल्याले मारत नाहीत?"

"डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करत नाहीत. नियम आहे."

मामांनी माझ्या टकलाकडे पाहिले. दारात जमलेल्यांत कोणीतरी फिसकन हसले. मामा ओरडले, "अरे, या म्हाताऱ्याले आधी टोपी द्या रे कोणी!"

टोपी आली. ती त्यांनी स्वतःच माझ्या डोक्यावर बसवली. मग दुसरी मी त्यांना घातली, एक पाऊल मागे सरलो आणि सॅल्यूट केला. ओटीत साखर पडली. नात माझ्याकडे पाहून हसली. मी मान हलवली.

आपल्या आधी मला टोपी मिळाली, हे मामांच्या लक्षात आले ते पंगतीत.

"साहेब, फसवलं तुम्ही मले!"

"नियम आहे," मी म्हणालो. त्यांना हसता हसता ठसका लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला.

संध्याकाळी घरी आलो. टोपी खुंटीला लावली. टोपीबरोबर मिळालेला नवा टॉवेल रंग सोडेल म्हणून वेगळा धुतला आणि दोरीवर वाळत घातला.