राजाने मरायचे नाही

मी शाळामास्तर. चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि तो मला कधीच नीट आला नाही. म्हणून निवृत्तीनंतर गावच्या शिमग्यासाठी वग लिहायला बसलो, तो 'असं झालं असतं तर' या जातीचा. जे झालंच नाही त्यात चूक कोण काढणार?

शिलाहार घराण्यातल्या एका राजाला मी परस्पर दोन मुलगे दिले, मग राजाला मारलं आणि गादी थोरल्याऐवजी धाकट्याला देऊन टाकली. एका वहीत अख्ख्या कोकणचा इतिहास फिरवला. जन्मात पहिल्यांदा माझं काही लोकांसमोर उभं राहणार होतं. बायकोने तर माहेरी कळवूनही टाकलं.

मी मूळचा दापोलीचा, या गावात बाहेरचा, आणि घोळ झाला तो इथेच. या गावातही एक थोरलं घर आहे आणि एक धाकटं, आणि शिमग्याची पालखी उठताना पहिला खांदा कुणाचा, यावरून त्यांचं तीन पिढ्यांचं भांडण. एका वर्षी पालखी दोन दिवस जागची हलली नव्हती. हे सगळं माहीत असून मी थोरला राजपुत्र थोरल्या घरातला घेतला, धाकटा धाकट्यातला. का, तर चेहरे शोभत होते!

पहिल्याच तालमीत थोरल्या घरचे आजोबा उठले.

"गुरुजी, गादी धाकट्याला?"

"आजोबा, नाटक आहे हो."

"आज नाटकात गादी, उद्या पालखीला खांदा. चल रे नातवा, घरी!"

वग बुडतो म्हटल्यावर मी घाबरून गादी थोरल्याला दिली. दुसऱ्या दिवशी धाकट्या घरचे काका माझ्या अंगणात.

"दिलेली गादी काढून घेता? मग आमचा ढोलकीवाला पण विसरा."

मग मी राजाला एक मुलगीही दिली आणि गादी त्या राजकन्येला. यावर मात्र दोन्ही घरं एका सुरात ओरडली, "म्हंजे जावयाला!"

तोडगा शेवटी आजोबांनीच काढला. "राजा मरतो कशाला? मेलाच नाय तर भांडण कसला?" काकांनी मान डोलावली. राजाही दोन्ही घरांबाहेरचा हवा, म्हणजे मीच.

शिमग्याच्या संध्याकाळी मी सिंहासनावर दीड तास आजारी होतो. वैद्य यायचा, मी बरा व्हायचो, पुढचं पद झालं की पुन्हा आजारी. मध्येच कापसाच्या दाढीचा धागा घशात गेला आणि मला खराखुरा ठसका लागला. डोळे पांढरे झाले असावेत.

"गुरुजी, मरायचा नाय हां!" आजोबा पुढून ओरडले.

"पाणी! राजाला पाणी द्या!" काका धावत वर आले.

मी वाचलो. पण राजा मरेना म्हणून वगही संपेना. वही केव्हाच संपली होती, लोक हलायला तयार नाहीत, आणि मी नुसता प्रजेकडे बघतोय. अखेर आजोबा नि काकांनी दोन्हीकडून सिंहासन माझ्यासकट उचललं आणि आत नेलं. टाळ्या कडकडल्या. मला वाटलं, जिंकलो.

"ठेवा आता," मी म्हटलं.

"आधी मी टेकवणार," आजोबा म्हणाले.

"का म्हणून?" काका म्हणाले.

बायको मागच्या दाराने आली तेव्हा मी अजून हवेतच होतो.